खराब हवेचे चार-पाच दिवस आणि पक्षाघात : शहरात राहणाऱ्यांनी नेमकं काय पाहावं?

आलेख

दिवाळी ते होळीच्या दरम्यान मुंबई-पुण्याची हवा बिघडली की खोकला, दमा, डोळ्यांची चुरचुर यावर भरपूर बोललं जातं. पक्षाघाताचं (स्ट्रोकचं) नाव त्यात क्वचितच निघतं. निघालंच तरी 'वर्षानुवर्षं धूर खाल्ला की होतं' एवढ्यावर विषय संपतो. हा धागा दुसऱ्या बाजूसाठी काढला आहे. हवा आज बिघडली तर पुढच्या काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत धोका वाढतो का, किती, कोणाचा, आणि घरच्या घरी काय करता येतं?

वाढतो. त्यावर आता फारसा वाद उरलेला नाही. २०१५ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एडिनबर्गच्या गटाने २८ देशांतले ९४ अभ्यास एकत्र केले, त्यात पक्षाघाताच्या सुमारे ६२ लाख घटना होत्या. पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढलं की पक्षाघातामुळे दाखल होणं किंवा मृत्यू १.१ टक्क्याने वाढतात, नायट्रोजन डायऑक्साइड १० पीपीबीने (हवेच्या अब्ज भागांत १० भागांनी) वाढला की १.४ टक्क्याने. परिणाम सगळ्यात ठळक त्याच दिवशी दिसतो. पीएम २.५चा परिणाम पुढचे काही दिवस रेंगाळतो, वायूंचा लवकर विरतो.

२०१२चा बॉस्टनचा अभ्यास लहान, पण फार बारकाईने केलेला. एकाच रुग्णालयातले १,७०५ रुग्ण घेतले आणि दाखल झाल्याच्या तारखेऐवजी लक्षणं सुरू झाल्याची वेळ नोंदींतून शोधून काढली. हवा 'चांगली' असलेल्या २४ तासांपेक्षा 'मध्यम' असलेल्या २४ तासांनंतर गुठळीच्या (मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन येणाऱ्या) पक्षाघाताचा धोका ३४ टक्के जास्त निघाला, आणि संबंध सर्वांत घट्ट होता तो १२ ते १४ तास आधीच्या प्रदूषणाशी. बॉस्टनची तेव्हाची 'मध्यम' हवा म्हणजे पीएम २.५ साधारण १५ ते ४०. आपल्याकडे एवढा आकडा दिसला तर लोक हवा छान आहे म्हणतात.

२०२३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात ११० अभ्यासांचा आणि १ कोटी ८० लाख पक्षाघातांचा एकत्रित आढावा आला. त्यात पाच दिवसांपर्यंतचा संपर्क धरला होता. जास्त प्रदूषणात नायट्रोजन डायऑक्साइडसाठी २८ टक्के, कार्बन मोनॉक्साइडसाठी २६, सल्फर डायऑक्साइडसाठी १५, पीएम २.५साठी १५, पीएम १०साठी १४ आणि ओझोनसाठी ५ टक्के वाढीव धोका आला.

तपोवन

धागा आवडला, पण हे आकडे एकमेकांना धरून नाहीत. एकीकडे १ टक्का, दुसरीकडे २८ आणि ३४. वर्तमानपत्रात मोठा आकडाच छापून येणार. खरा कुठला?

दुसरी शंका थंडीची. हिवाळ्यात रक्तदाब तसाही वाढतो, पक्षाघातही वाढतात, आणि हवाही नेमकी तेव्हाच बिघडते. मग दोष थंडीचा की धुराचा, हे वेगळं कसं काढतात?

आलेख

तिन्ही खरे आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. बीएमजेचा आकडा 'दर १० मायक्रोग्रॅममागे' आहे. ४०वरून १२०वर गेलात तर अशा आठ पायऱ्या होतात. २०२३च्या आढाव्यातला आकडा 'जास्त विरुद्ध कमी' असा आहे, आणि जास्त म्हणजे किती हे प्रत्येक शहराचं वेगळं. बॉस्टनची तुलनाही दोन वर्गांची आहे. त्यामुळे २८ टक्क्यांना पायऱ्यांनी भागून १ टक्क्याशी जुळवायला जाऊ नका, ते जुळणार नाही.

बॉस्टनचा आकडा मोठा येण्यामागे वेळेची नोंद हे एक कारण असावं असं माझं मत आहे. सकाळी सहाला तोंड वाकडं झालेला माणूस रात्री नऊला, कधी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात पोचतो. दाखल झाल्याची तारीख धरली की चुकीच्या दिवसाची हवा त्याच्या नावावर लागते. चूक कधी अलीकडे, कधी पलीकडे होते आणि खरा संबंध फिका पडतो. घरापासून सात किलोमीटरवरच्या केंद्राचं मोजमाप वापरलं की तेच होतं. म्हणजे आकडे बहुधा कमीच दिसतात. अर्थात १,७०५ रुग्ण हा आकडा लहान, त्यामुळे ३४ टक्क्यांनाही दगडावरची रेघ समजू नये.

आता थंडी. यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी नसते, त्याच माणसाच्या दुसऱ्या दिवसांशी असते. समजा, एखाद्याला १७ डिसेंबरला, बुधवारी, झटका आला. मग त्याच महिन्यातले बाकीचे बुधवार, ३, १०, २४ आणि ३१ तारीख, तुलनेला घेतात. वय, मधुमेह, बिडी, आनुवंशिकता, घरची परिस्थिती सगळं तेच राहतं, त्यामुळे ते आपोआप बाद होतं. महिना तोच, म्हणून ऋतूही बाद. वार तोच, म्हणून सोमवार-रविवारचा फरकही बाद. उरतं ते तापमान आणि आर्द्रता, ती समीकरणात वेगळी घालतात. फ्लूची साथ आणि सणवार एवढ्याने पूर्ण जात नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांबरोबर जागरण, फराळातलं मीठ आणि चुकलेल्या गोळ्याही असतात, म्हणून तो आठवडा वगळून पुन्हा हिशोब करणारे अभ्यास मला जास्त विश्वासाचे वाटतात.

नाडी

वैद्यकीय बाजू मांडते. 'श्वासातला धूर मेंदूपर्यंत कसा पोचतो' हा प्रश्न नेहमी येतो. पोचण्याची गरजच नसते.

अडीच मायक्रॉनचा कण नाकाच्या केसांना आणि घशाच्या ओलाव्याला चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत जातो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि दाहाचे संदेश रक्तात सोडतात. हे संदेश यकृताला मिळाले की फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन वाढतं, बिंबिका (प्लेटलेट) चिकट होतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. याला तास ते दिवस लागतात.

दुसरा मार्ग त्याहून जलद. फुप्फुसातल्या चेतातंतूंना कणांची जाणीव झाली की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी यंत्रणा, चेतते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. टोरांटोला २००२ साली २५ निरोगी माणसांना दोन तास दाट केलेले कण आणि ओझोन हुंगायला दिले, तर दंडातली धमनी आकसलेली मोजता आली. निरोगी माणसांत, दोन तासांत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. एडिनबर्गच्या संशोधकांच्या २००७च्या प्रयोगात आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना सौम्य केलेल्या डिझेलच्या धुरात तासभर ठेवलं, अधूनमधून सायकल चालवायला लावली. धुरात हृदयाच्या स्नायूवर ताणाच्या खुणा वाढल्या, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारं टीपीए हे द्रव्य कमी झालं. टीपीए म्हणजे शरीराचं स्वतःचं गुठळी विरघळवणारं औषध. पक्षाघाताच्या रुग्णाला आपण शिरेतून जे अल्टेप्लेज देतो, ते त्याचीच कारखान्यात केलेली प्रत. म्हणजे धूर एका बाजूने गुठळी व्हायला मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने ती विरघळवणारी यंत्रणा मंद करतो.

हे सगळं गुठळीच्या पक्षाघाताशी चांगलं जुळतं. रक्तस्रावाच्या पक्षाघाताचा अल्पकालीन पुरावा तितका एकसुरी नाही, तिथे मुख्य दुवा रक्तदाबाचा.

सायली_ठाणे

एक व्यवहारी प्रश्न. एका माणसासाठी हा धोका घाबरण्याइतका आहे का?

आलेख

एका निरोगी चाळिशीतल्या माणसासाठी, नाही. त्याचा एका दिवसाचा धोका मुळातच इतका बारीक की तो दहा टक्क्याने वाढला तरी बारीकच राहतो.

शहरासाठी हिशोब वेगळा. उदाहरण म्हणून गृहीत आकडे घेऊ. ६० लाखांचं शहर, वर्षाला लाखामागे १५० पक्षाघात. वर्षाचे ९,०००, दिवसाचे साधारण २५. पीएम २.५ सरासरी ४०वरून १२०वर गेलं, म्हणजे आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीला १.१ टक्का धरला तर ९ टक्के वाढ, म्हणजे रोज दोनाहून थोडे जास्त रुग्ण. असे वीस दिवस गेले की पंचेचाळीसच्या आसपास माणसं. धोका लहान, पण हवा सगळ्यांनाच घ्यावी लागते, म्हणून बेरीज मोठी होते.

कोनमापक

आलेख, या हिशोबात एक दुरुस्ती हवी. १.१ टक्का हा जगभरातल्या शहरांचा एकत्रित आकडा आहे, आणि तो १२०पर्यंत सरळ रेषेत ओढता येत नाही. चीनच्या १७२ शहरांतल्या २० लाखांहून जास्त दाखल रुग्णांवरचा २०१८चा अभ्यास बघा. तिथे पीएम २.५च्या दर १० मायक्रोग्रॅममागे गुठळीचा पक्षाघात त्याच दिवशी फक्त ०.३४ टक्क्याने वाढला. तो आकडा धरला तर आठ पायऱ्यांची वाढ पावणेतीन टक्के. २५ रुग्णांमागे एकही पूर्ण नाही, वीस दिवसांत १४च्या आसपास. तुमच्या उत्तराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

रेषा वर जाताना सपाट होते. मुळात स्वच्छ असलेल्या हवेत १० मायक्रोग्रॅम वाढले तर धक्का मोठा, आधीच मळलेल्या हवेत वाढले तर तुलनेने लहान. भारतातल्या दहा शहरांचा २०२४चा अभ्यास, त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही आहेत, हेच दाखवतो. तो पक्षाघाताचा नसून एकूण मृत्यूंचा आहे : २००८ ते २०१९मधले ३६ लाख मृत्यू, दोन दिवसांच्या सरासरीत दर १० मायक्रोग्रॅममागे १.४२ टक्के वाढ, आणि कमी प्रदूषणाच्या टप्प्यात चढ जास्त तीव्र.

यातून धोरणाचा एक मुद्दा निघतो. फक्त 'अत्यंत वाईट' दिवस टाळून भागत नाही. ६०चे ३० केले तरी जीव वाचतात, आणि तसे दिवस वर्षात कितीतरी जास्त असतात.

आलेख

दुरुस्ती मान्य. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत, खरं बहुधा त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. चीनच्या त्याच अभ्यासात नायट्रोजन डायऑक्साइडच्या दर १० मायक्रोग्रॅममागे १.८२ टक्के वाढ निघाली होती. म्हणजे वाहनांच्या धुराची खूण असलेल्या या वायूचा संबंध कणांच्या वजनापेक्षा जास्त पक्का. रस्त्याकडेच्या घरांसाठी हे महत्त्वाचं.

वातकुक्कुट

हवा मोजणाऱ्यांच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो, कारण मोबाइलवर दिसणारा एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) या कामासाठी अर्धवट पडतो.

आपला एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन ८ तासांच्या. सगळ्या प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक (त्या एका प्रदूषकाचा वेगळा आकडा) सर्वांत मोठा, तोच आकडा छापला जातो. बाकीचे झाकले जातात. म्हणजे सकाळी आठला जे हुंगलं ते आकड्यात पुरतं उतरेपर्यंत दिवस मावळतो. वर बॉस्टनचे १२ ते १४ तास सांगितलेत, त्या हिशोबाने ही सरासरी उशिरा येते.

दुसरं, शब्दांचं माप. पीएम २.५ची २४ तासांची सरासरी ६० असेल तर आपल्याकडे एक्यूआय १०० आणि शेरा 'समाधानकारक'. अमेरिकेच्या २०२४पासूनच्या तक्त्यात त्याच ६०ला १५४ मिळतात आणि शेरा 'अनारोग्यकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची २४ तासांची मर्यादा १५ आहे, आपली २००९ची ६०. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये तीच गत, त्यांची २५ आणि आपली ८०. म्हणून पक्षाघात होऊन गेलेला माणूस घरात असेल तर रंग बघू नका, मायक्रोग्रॅम बघा. परदेशी अ‍ॅप आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप यांचे आकडे जुळत नाहीत ही तक्रारही इथूनच येते. हवा एकच, तक्ते दोन.

बघायचं कसं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सतत-मापन केंद्राचा तासागणिक तक्ता मिळतो. आपल्या जवळचं केंद्र निवडा, त्यात पीएम २.५ आणि एनओ२ (नायट्रोजन डायऑक्साइड) हे दोनच रकाने उघडा आणि मागचे १२ तास बघा. पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवा-मापन यंत्रणेची केंद्रंही आहेत. केंद्र कुठे बसवलंय तेही पाहा. बागेतल्या केंद्राचा आकडा चौकातल्या दुकानदाराला लागू होत नाही.

हिवाळ्यातला तासांचा आलेख मुंबई-पुण्यात बऱ्यापैकी ठरलेला असतो. रात्री जमीन थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, खालचा धूर वर जात नाही. रात्री आठ-नऊनंतर आकडा चढायला लागतो, पहाटे तसाच वर राहतो. सकाळी वाहनं सुरू झाली की आठ ते दहाच्या दरम्यान शिखर. ऊन तापलं की झाकण फुटतं, दुपारी दोन ते पाच सगळ्यात बरी वेळ. मुंबईत खारं वारं उशिरा सुटलं तर सकाळचं शिखर लांबतं. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन वाढतो, तेव्हा हे वेळापत्रक उलटं करावं लागतं.

घरगुती लेझर सेन्सर घेणाऱ्यांसाठी : हवेत ओल ७०-८० टक्क्यांवर गेली की तो पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतो आणि पहाटेचा आकडा फुगवून सांगतो. चढ-उतार बघायला चांगला, नेमक्या आकड्यासाठी नाही.

सायली_ठाणे

म्हणजे ज्येष्ठांनी पहाटे पाचला फिरायला जाणं हिवाळ्यात चुकीचं? सगळेच डॉक्टर सकाळी चाला म्हणतात.

नाडी

चाला म्हणतात, पाचलाच चाला असं नाही. डिसेंबर-जानेवारीत तीन गोष्टी एकाच वेळी येतात. पहाटेची थंडी, उठल्यानंतरचा रक्तदाबाचा नैसर्गिक चढ आणि रात्रभर साचलेली मळकी हवा. गुठळीचे पक्षाघात मुळातच सकाळच्या तासांत जास्त होतात. रक्तदाब, मधुमेह, अनियमित ठोके किंवा आधीचा झटका असलेल्यांनी त्या दोन महिन्यांत फिरणं दुपारी तीन-चारला न्यावं, आणि मुख्य रस्त्यावरून उचलून आतल्या गल्लीत किंवा मैदानात न्यावं. चालणं बंद करू नये. बंद केल्याचा तोटा धुराच्या तोट्याहून मोठा. फारच वाईट दिवस असेल तर घरातल्या घरात चाला. वेगाने चालताना श्वासाचं आकारमान कित्येक पटीने वाढतं, तेवढे कण जास्त जातात, म्हणून त्या दिवशी धावणं नको.

सगळ्यात आधी मात्र रक्तदाब. मास्क आणि यंत्रांच्या चर्चेत तो मागे पडतो. दिल्लीतल्या शहरी लोकांवरच्या २०२०च्या अभ्यासात महिन्याभराचं पीएम २.५ जास्त असलं की वरचा रक्तदाबही जास्त मिळाला. खराब आठवड्यात घरी रोज मोजा, पण नीट मोजा. उठून लघवी करून यावं, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही लिहावेत. घरचं मोजमाप सतत १३५/८५च्या वर जात असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. गोळी स्वतःहून वाढवू नका, आणि 'आज नॉर्मल आलं' म्हणून सोडूही नका. त्याच वेळी मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. ठोके कसेही, ताल नसलेले लागले तर ईसीजी काढून घ्या. त्या विकारात रक्त पातळ करणारी गोळी लागते, आणि ती चुकली तर बाकी काही उपयोगाचं नाही.

बाराखडी

मास्कबद्दल लिहितो. बीजिंगमध्ये ९८ हृदयरुग्णांना शहरातल्या ठरावीक रस्त्यावर दोन तास चालवलं, एकदा कण अडवणारा मास्क लावून, एकदा न लावता. मास्क असताना सरासरी रक्तदाब (वरच्या-खालच्या दाबाचा मिळून काढलेला एकच आकडा) ९६ऐवजी ९३ राहिला. पक्षाघात टळले असं तो अभ्यास म्हणत नाही, पण दिशा चांगली आहे.

कापडी आणि शस्त्रक्रियेचा निळा मास्क या कामाचे नाहीत, गालाच्या बाजूंनी हवा आत येते. एन ९५ किंवा एफएफपी २ घ्या. दोन्ही पट्टे डोक्यामागे जाणारा असेल तर चांगलं, कानात अडकवायचा बहुतेक चेहऱ्यांवर सैल बसतो. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटीत धरून दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेर सरकवत ती नाकाच्या उतारावर बसवायची. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला, चष्म्यावर वाफ आली, तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर तो कधीच नीट बसत नाही. ओला झाला, पट्टे ढिले पडले की टाकायचा. धुवायचा नाही, धुतल्यावर कण ओढून धरणारा विद्युतभार जातो. झडपेचा मास्क धुळीसाठी चालतो.

मास्क वायू अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड सरळ आत येतात. म्हणून एन ९५ लावून चौकात उभं राहण्यापेक्षा एक गल्ली आत सरकणं जास्त कामाचं.

तपोवन

घरातल्या एअर प्युरिफायरचं काय? मॉडेल विचारत नाही, निवडायचं कसं ते सांगा.

वातकुक्कुट

आकडा एकच बघा, सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा. खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट असेल तर १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरवायची तर १७० सीएडीआर लागतो. मात्र खोक्यावरचा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा. रात्री आवाज नको म्हणून हळू ठेवला की तो बराच उतरतो, म्हणून २५० ते ३००चा घेतलेला बरा. गाळणी हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी, असावी. आयोनायझर, 'ओझोनने शुद्ध' असली बटणं बंद ठेवा, ओझोन हा स्वतःच प्रदूषक आहे.

यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवा, दार-खिडकी बंद. ज्या खोलीत माणूस झोपतो तिथे ठेवा, दिवाणखान्यात नाही. आठ तासांचा श्वास तिथे जातो. गाळणी काळी पडली की रंग बघून झटकू नका, व्हॅक्यूमही करू नका, बदला. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही आणि त्याची जाळी पीएम २.५ अडवत नाही, त्यामुळे एसी म्हणजे शुद्ध हवा हा समज चुकीचा.

आणि यंत्र घेण्याआधी घरातला धूर थांबवा. बंद खोलीत डासांची कॉइल किंवा उदबत्ती-धूप लावला तर तिथला आकडा बाहेरच्याहून वर जातो. कॉइलऐवजी मच्छरदाणी. फोडणी-तळणाच्या वेळी स्वयंपाकघरातला बाहेर फेकणारा पंखा सुरू, आणि चिमणी असेल तर तिचा पाइप खरंच बाहेर गेलाय का ते बघा. पाइप नसलेली चिमणी तेल अडवते, वायू पुन्हा घरातच सोडते. खिडक्या दिवसभर बंद ठेवू नका, दुपारी तासभर उघडा.

गाडीत एसीचं आतली हवा फिरवायचं बटण वाहतूक तुंबलेली असताना चालू ठेवावं. पण चौघं बसले असतील तर वीस-पंचवीस मिनिटांनी मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटं काच खाली करा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला पेंग येते.

कोनमापक

वैयक्तिक उपाय एवढे झाले, आता सोसायटीच्या पातळीवरचा एक. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियम काढले. ७० मीटरहून उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फुटी पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुण्याची सोय. शेजारी काम चालू असेल तर ट्रक बाहेर येतो त्या फाटकापाशी उभं राहून रस्त्यावरचे मातीचे पट्टे बघा. चाकं धुतली जातायत की नाही ते तिथेच कळतं. तारीख-वेळेसह फोटो काढून वॉर्ड कार्यालयाला द्या. बांधकामाची धूळ प्रामुख्याने मोठ्या कणांची, पक्षाघाताच्या दृष्टीने डिझेलचा धूर जास्त घातक. म्हणून साइटवरचा जनरेटर आणि तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभे असलेले मिक्सर यांचीही तक्रार त्यात घाला.

सायली_ठाणे

शेवटचा प्रश्न. लक्षणं दिसलीच तर? घरात अ‍ॅस्पिरिन ठेवा असं सगळीकडे सांगतात.

नाडी

हृदयविकाराचा सल्ला इथे लावू नका. सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही. आपल्याकडे पाचांत एक किंवा त्याहून जास्त पक्षाघात रक्तस्रावाचे असतात, त्यात अ‍ॅस्पिरिन दिली तर रक्तस्राव वाढू शकतो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली कॅप्सूल फोडणं त्याहून वाईट. दाब एकदम पडतो आणि गुठळीपलीकडच्या मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही. पाणी, चहा, मध काहीच तोंडाने देऊ नका, गिळणं बिघडलेलं असतं आणि ते फुप्फुसात जातं.

ओळखायचं असं : हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगा, एक हात खाली येतोय का. एक साधं वाक्य म्हणायला सांगा, शब्द बोबडे होतायत का. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणं. यातलं एक जरी असलं तरी १०८ला फोन. फोनवर 'सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याची सोय असलेलं रुग्णालय' हे शब्द वापरा. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

कागदावर एकच वेळ लिहा : माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता. लक्षणं कधी लक्षात आली ती वेळ नव्हे. रात्री दहाला ठीक झोपला आणि सहाला उठल्यावर हात हलेना, तर घड्याळ दहापासून धरतात. शिरेतून द्यायच्या औषधाची मर्यादा साडेचार तास. मोठी वाहिनी बंद असेल तर वाहिनीत घातलेल्या तारेने गुठळी काढायला सहा तास, निवडक रुग्णांत २४पर्यंत. झोपेत झटका आलेल्यांना 'वेळ गेली' म्हणून घरी ठेवू नका, काही रुग्णांत एमआरआय किंवा विशेष स्कॅन बघून उपचार करता येतात. सोबत चालू गोळ्यांची यादी घ्या, रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली ते ठळक लिहा. मधुमेही असेल तर गाडी येईपर्यंत ग्लुकोमीटरने साखर बघा, साखर फार खाली गेली तरी हुबेहूब असंच दिसतं. कमी आली तर आकडा १०८च्या माणसांना सांगा, ते शिरेतून ग्लुकोज देतात.

आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा क्षणिक झटक्यानंतर पहिल्या ४८ तासांत मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आलेख

धन्यवाद, नाडी. एक भर घालतो. रुग्णालयात दाखल करताना लक्षणं सुरू झाल्याची वेळ (ती माहीत नसेल तर शेवटचा ठीक दिसल्याची) आणि तेव्हा माणूस कोणत्या भागात होता, हे केसपेपरवर लिहून घ्यायचा आग्रह धरा. उपचारासाठी ती वेळ लागतेच. पण तासांची आणि ठिकाणाची नोंद असलेल्या केसपेपरांवरूनच आपल्या शहरांसाठी बॉस्टनसारखा हिशोब करता येईल.